गोटा उचलणारी बाई

आठवलं की अजून माझं डोकं तापतं. आमच्या तालमीपुढचा दगडी गोटा जो खांद्यावर घेईल, त्याचं नाव भिंतीवर रंगवायचे. सात वर्षांत एकही नाव वाढलं नव्हतं. वालचंदनगरकडं ऊस तोडायला आलेली एक बाई शेजारच्या नळावर माझ्यामागं उभी होती. पोरं हसत म्हणाली, "मावशी, उचलताय का?"

तिनं तळव्यांना माती चोळली आणि गोटा आधी मांडीवर, मग खांद्यावर घेतला. वस्ताद म्हणाले, "बाईचा हात लागला. धुवा रं त्यो."

"धुवा की," ती म्हणाली, "धुतल्यानं काय हलका व्हणार हाय व्हय?"

तिचं नाव कोणी विचारलं नाही. मीही नाही. गोटा धुवायला त्यांनी माझी भरलेली घागर मागितली, आणि मी ती दिली.