ईनॉकचं फस्टियन

इंग्लंडातल्या आमच्या हेब्डन ब्रिज गावात फस्टियन नावाचं जाड सुती कापड विणतात, कापतात, आणि त्याच्या विजारी दहा-दहा वर्षं फाटत नाहीत. पुस्तकी लोक मात्र फुगवलेल्या, पोकळ भाषेला 'फस्टियन' म्हणतात, असं शाळेच्या मास्तरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या अंगावरच धावून गेले. आमच्या कापडाची बदनामी! पण दुसऱ्याच दिवशी आमच्या गिरणीतल्या रफूवाल्या ईनॉक ग्रीनवूडनं तोंड उघडलं आणि मी मनात म्हटलं, मास्तर, चुकलं माझं.

ईनॉकला 'पाऊस पडतोय' म्हणता यायचं नाही. 'गगनमंडल अश्रुपूर्ण जाहले,' म्हणायचा. तो सुरू झाला की आम्ही बायका ओरडायचो, "फस्टियन!" माणूस मात्र सोन्यासारखा. शेजारच्या टेबलावर कापड कापणाऱ्या विधवा हेप्झिबावर चार वर्षं त्याचा जीव होता. ती शनिवारी कायमची बहिणीकडे ओल्डमला निघणार होती, तेव्हा कुठे आदल्या दिवशी, शुक्रवारी त्यानं लग्नाचं विचारायचं ठरवलं.

आता कापणारीला मध्येच थांबता येत नाही. लांबलचक टेबलावर ताणलेलं कापड, त्यातल्या दोऱ्यांच्या ओळीत पातळ सुरी घालायची आणि एका दमात टोकापर्यंत चालायचं, म्हणजे वरचे दोरे कापले जाऊन मखमलीसारखी लव उभी राहते. हात हलला की भोक. हेप्झिबा चालतेय, ईनॉक शेजारून चालतोय.

"हे सुलक्षणे, माझ्या हृदयाच्या निर्जन प्रासादात..."

"लवकर बोल, टोक आलं," ती म्हणाली.

"...जेथे आशादीप क्षीणप्रभ होऊन..."

ती परत फिरून नवी ओळ धरायची, हाही परत फिरायचा. आठ फेऱ्या झाल्या तरी लग्नाचं नाव नाही! मला राहवेना. "अरे बाबा, त्या प्रासादाला दार आहे की नाही?"

हेप्झिबा खो खो हसली, सुरी सटकली आणि कापडाला हे एवढं भोक!

अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातून एकही भोक पडलं नव्हतं, आणि शेवटच्या दिवशी हे. ती रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ईनॉक जन्मात पहिल्यांदा गप्प बसला. त्यानं सुई ओवली आणि तासभर खाली मान घालून दोऱ्यात दोरा गुंफला. नंतर शोधूनही मला ते भोक सापडलं नाही.

"झालं," तो म्हणाला. "जाऊ नकोस गं. मला करमणार नाही."

कुणीही 'फस्टियन' ओरडलं नाही.

"चार वर्षं हे कुठे ठेवलं होतंस, मेल्या?" हेप्झिबा डोळे पुसत म्हणाली, आणि बहिणीला पत्र लिहायला तिनं माझ्याकडे कागद मागितला.