फादर सिल्वेस्टर: लिहायचं तर सगळंच

फादर सिल्वेस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चर्चमध्ये पेटी पुसत होते. तिच्यावर बोटं कशी ठेवायची ते लहानपणी त्यांनीच मला शिकवलं होतं. रडू आलं, खोटं कशाला सांगू? पुढे काही आठवड्यांनी आमचे नवे फादर म्हणाले, “टीचर, फादरांच्या स्मृतिपुरवणीसाठी तुम्हीच लिहा. चांगलं चांगलं लिहा.” मी म्हटलं, “लिहीन, पण सगळं लिहीन.”

सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात ते तरुणपणी आले. धानाच्या बांध्यांमधून सायकल हाणत घरोघर फिरायचे. शाळा उभी केली, वसतिगृह काढलं. माझे वडील भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून राहिले. पुढे बिशपांच्या खालोखालच्या पदापर्यंत चढले, तेव्हा गावातले हिंदू व्यापारीसुद्धा हार घेऊन आले होते. हे सारं खरं आहे... आणि पुढचंही खरं आहे.

वसतिगृहातल्या एका तरुण फादरनं आपल्या अंगाला हात लावला, असं एका मुलीनं आईला सांगितलं. आई म्हणजे मार्थाबाई. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. “माहं नाव लिवा, तिचं नोका लिवू,” म्हणाल्या. त्या तेव्हा धावत फादर सिल्वेस्टरकडे गेल्या. फादरांनी समजूत घातली, “मार्थाबाई, लेकरं काहीही बोलतात. पोलिसात नोका जाऊ, चर्चची अब्रू जाते.” त्या तरुण फादरची गुपचूप दुसऱ्या शाळेत बदली झाली. तिथेही मुलंच होती, आणि तिथल्या कुणाला काही सांगितलं नाही. इकडे गावानं मुलीला खोटारडी ठरवलं. ती गाव सोडून गेली ती परतलीच नाही.

काही वर्षांनी त्या दुसऱ्या शाळेतली एक मुलगी बोलली. तिचे आईवडील थेट पोलिसांत गेले. फादर सिल्वेस्टरना आधीपासून ठाऊक होतं, हे कोर्टात उघड झालं. त्यांचं पद गेलं आणि ते विश्रांतीसाठी आमच्याच गावी आले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्यावरची माया काही गेली नाही.

मार्थाबाईंनी त्यांच्याकडे एकच मागितलं. “फादर, एक डाव मिस्सेत सांगा, का माही पोरगी खोटी नोती.”

“आता कायले जुनं उकरता, बाई?” एवढंच फादर म्हणाले.

आमच्याकडे मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, प्रवचनानंतर कुणीही उभं राहून प्रार्थना मागू शकतं आणि साऱ्या चर्चला उत्तर द्यावं लागतं. पुढच्याच रविवारपासून मार्थाबाई उभ्या राहू लागल्या. “ज्या लेकरायनं खरं सांगतलं अन् ज्यायचं कोनी आयकलं नाही, त्यायच्यासाठी.” लोक नाइलाजानं पुटपुटायचे, “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” वेदीजवळ फादर सिल्वेस्टर मान खाली घालून बसलेले असायचे. बाहेर कुणी हटकलं, “काहून दर रविवारी तेच?” तर बाई म्हणायच्या, “प्रार्थनाच करून राहिली ना मी? भांडून राहिली काय?”

फादरांच्या अंत्यविधीला बिशप आले. छापील प्रार्थनाच होतील, अशी सूचना आधीच झाली होती. शेवटची वाचून झाली आणि मार्थाबाई उभ्या राहिल्या. चर्चच्या समितीचे दोघे त्यांच्याकडे सरकले, तरी त्या थांबल्या नाहीत.

“फादर सिल्वेस्टरसाठी. माह्या पोरीनं खरं सांगतलं होतं. त्यायले ठाऊक होतं, पन त्यायच्यानं बोलनं झालं नाही. देव त्यायले माफ करो, अन् आपल्याले बोलाची हिंमत देवो.”

मी पेटीवर सूर धरला आणि मोठ्यानं उत्तर सुरू केलं. आधी बायका आल्या, मग पुरुष, आणि मग सगळं चर्च म्हणालं, “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” बिशपांचेही ओठ हलताना मी पाहिले.

मार्थाबाई खाली बसल्या. पदराआड मोबाईलवर कॉल चालूच होता. तो त्यांनी कानाला लावला.

“आयकलं ना, पोरी? सारे म्हनून राहिले. आता घरी ये.”