मशीनच्या खणातला पासपोर्ट

शिवऱ्यात हायवेलगत मौलालींचं पंक्चरचं दुकान आहे. त्यामागच्या दोन खोल्यांत त्यांची सून निलोफर ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक बाईनं तोंडी सांगितलेल्या मापावर ती कधी विसंबत नाही. टेप लावून स्वतः मोजते.

नवरा फिरोज दीड वर्षापासून जर्मनीत बस चालवतो. त्याच्याकडे राहायला जाण्यासाठी तिनं व्हिसाचा अर्ज केला, त्याला पाच महिने झाले. पासपोर्ट मात्र तिच्याकडेच होता. मंजुरी आली की फोन करू, मग पासपोर्ट आणून द्या, असं मुंबईच्या कचेरीत सांगितलं होतं.

त्यातच सासूनं, अजराबींनी, मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जायचं काढलं. "तूबी चल. पंधरा दिसांत तर माघारी येतोय."

निलोफरनं कचेरीत विचारून घेतलं. अर्ज चालू असताना परदेशी जायला हरकत नव्हती. पण मधेच बोलावणं आलं आणि पासपोर्ट मुदतीत पोचला नाही, तर अर्ज बंद. पाच वर्षांत उमऱ्याचं नाव न काढलेल्या सासूला हे नेमकं आत्ताच का सुचावं? सून जर्मनीला गेली तर घरातलं करायला दुसरं कुणी नव्हतं.

"पासपोर्ट मुंबईलाच आहे, अम्मी. त्यांनी ठेवून घेतलाय," ती म्हणाली.

तो मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली होता.

अजराबींनी एकटीचं नाव दिलं.

अर्जावर फिरोजनं घरचा मोबाईल नंबर टाकला होता आणि तो मोबाईल कायम अजराबींच्या कमरेला. निलोफर रोज संध्याकाळी त्यातले कॉल तपासायची. गुरुवारी मुंबईचा एक नंबर दिसला. दोन मिनिटं बोलणं झालेलं.

"कोण होतं?"

"लोनवाला. सोडतच न्हाई मेला."

लोनवाल्याशी दोन मिनिटं? तिनं परत लावून पाहिलं. नुसता वाजत राहिला.

अजराबी मंगळवारी निघणार होत्या. उमऱ्याला जाणारानं आधी ओळखीपाळखीत फिरून बोलल्या-चालल्याची माफी मागायची, मनात काही ठेवून निघायचं नाही. सोमवारी त्या घरोघर गेल्या. शेजारच्या फुलाबाई म्हणाल्या, "माझी कोंबडी तुमीच खाल्ली व्हती ना? आता तरी कबूल करा."

"ती मुंगसानं न्हेली. त्याला लाव माफी मागायला."

शेवटी त्या मशीनजवळ आल्या. निलोफरनं पाय थांबवला नाही.

"गुरवारी लोनवाला नव्हता," त्या म्हणाल्या. "कचेरीतली बाई व्हती. म्हनली, फुडच्या शुक्रवारपातूर पासपोर्ट आनून द्या. म्या म्हनलं, पासपोर्ट तर तुमच्याकडंच हाय. ती न्हाई म्हनली."

मशीन थांबलं. "मला का नाही सांगितलं?"

"खोटं कोन बोलतंय, कचेरी का सून, ते बघत व्हते."

शुक्रवारला चार दिवस होते. निलोफरनं खण उघडला, बॉबिनचा डबा उचलला आणि पासपोर्ट काढला. अजराबींनी तो पाहिला.

"मशीनमधीच व्हय," त्या म्हणाल्या. "बरं. माफ केलंस का?"

"मोबाईल इथं ठेवून जा. कचेरीचा फोन त्यावरच येतो."

"ठिवते. आधी तूबी माग."

निलोफरनं मागितली. मोबाईल हातात आला तसा तिनं कचेरीचा नंबर लावला. शुक्रवारच सांगितलाय ना, हे विचारायचं होतं.