कणकेतला हात

कचेरीत माझ्या टेबलावर उजव्या बाजूला फायलींचा ढीग कायम असतो. येणाऱ्याला वाटतं, साहेबांना मान वर करायला फुरसत नाही. खरं म्हणजे तो ढीग माझ्या हाताचा आडोसा आहे. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लहानपणीच कडबाकुट्टीत गेलं, आणि तेव्हापासून तो हात चारचौघांत काढायची मला लाज वाटते. दसऱ्याला फायलीही कामाला येत नाहीत. आपट्याचं सोनं डाव्या हातानं देता येत नाही, म्हणून दर दसऱ्याला संध्याकाळी माझं पोट दुखायचं. ही पोटदुखी गावाला पाठ झाली होती.

गेल्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातलं जुनं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर करायचं काढलं. आजोबांनी ते निजामाच्या काळात घेतलेलं. दसऱ्याला पाटावर बसून हळदकुंकू लावून घेणं, एवढंच काम ते इतकी वर्षं करत आलंय. "आता माझ्यानं पोलीस ठाण्याच्या चकरा व्हत न्हाईत," आबा म्हणाले. परवाना हवा तर चालवायला शिकावं लागतं, म्हणून मी परभणीला सरावाला जाऊ लागलो.

तिथं फजिती झाली. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्या पातळ, झिजून गुळगुळीत. रिव्हॉल्व्हर आवळून धरायचं ते खालच्या बोटांनी, आणि माझ्याकडं नेमकी तीच नाहीत. बार उडाला की ते हातात फिरायचं आणि नळी आभाळाकडं बघायची. शिकवणाऱ्यानं विचारलं, "हाताला काही झालंय का?" मी हातावर रुमाल टाकून म्हणालो, "संधिवात." एवढ्या वयाच्या माणसानं असलं खोटं बोलावं! कान तापले माझे. त्यानं मात्र भल्या मनानं सांगितलं, की नेमबाज लोक आपल्या पंजाच्या मापाची जाड मूठ करून घेतात; ती तळहातात भरते, अंगठ्याला टेका देते, दुखऱ्या हातालाही सोसते.

गावातल्या सुताराकडं सिसमाचा तुकडा होता. पण हत्यार त्याच्याकडं ठेवता येत नाही, म्हणून तो म्हणाला, हाताचा ठसा आणून द्या. बायकोनं कणीक घट्ट मळून दिली. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याचं मी पुन्हापुन्हा बघितलं, जुन्या फळ्या काढल्या, उघड्या लोखंडाला प्लास्टिक गुंडाळलं, दोन्ही बाजूंनी कणीक थापली आणि हात आवळला.

"लय दाबू नका, बाहेर यायलीय," बायको म्हणाली.

हात काढला. कणकेत अंगठा, तळवा, दोन बोटं अगदी स्पष्ट. त्याखाली, जिथं आणखी दोन खाचा हव्यात, तिथं कणीक सपाट. मी स्वतःसुद्धा हा हात कधी नीट बघितलेला नव्हता, आणि आता त्याची नक्कल सुपात वाळत पडली होती. बायकोनं सूप नेमकं ओसरीवर ठेवलं. शेजारीण विचारू लागली, "काय वाळू घातलंय वैनी, कुरडया का?" मी आत बसून ऐकत होतो. बाहेर जाऊन सूप उचलायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

दुपारी डोकावलो तर सुपापाशी आबा बसलेले. त्यांनी तो ठसा उचलून स्वतःच्या हातात धरला होता. वरची बोटं खाचांत बसली, खालची दोन सपाट जागेवर नुसतीच टेकली. ती त्यांनी उचलली आणि पुन्हा टेकवली. मी ठसा घ्यायला पुढं झालो, सवयीनं डावा हात पुढं, उजवा पाठीमागं.

"आता तरी दाव की," आबा म्हणाले.

मी उजवा हात आणखीच मागं घेतला.

"कडबाकुट्टीचं चाक मीच फिरवत व्हतो. पेंडी लाव म्हणलं तेबी मीच. माझ्यापुढं आलास की तू हात मागं घेतोस. कामून घेतोस, ते कळतंय मला."

मी हात झाकत होतो तो लोक बघतील म्हणून. घरातली ती नुसती सवय होती. आबा मात्र रोजच्या जेवणाला, प्रत्येक नमस्काराला त्यात त्यांच्यावरचा माझा राग बघत आले होते. दसऱ्याच्या पोटदुखीवरून सगळ्यांनी मला टोमणे मारले, आबांनी कधीच नाही, हे मला तेव्हा आठवलं. बोटांची लाज मी जन्मभर बाळगली. त्या ओसरीवर वाटली तशी लाज कधी वाटली नव्हती. "आबा, तसं न्हाई," एवढंच बोलता आलं. त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं.

सुतारानं मूठ छान केली. थोडी कानस मारावी लागली, मग स्क्रू बसला. हातात घेतली की मधल्या बोटाखाली लाकडाचा टेकू येतो आणि रिव्हॉल्व्हर हलत नाही.

दसऱ्याला ते नव्या मुठीसकट पाटावर मांडलं. संध्याकाळी गल्लीतली माणसं सोनं घेऊन ओसरीवर जमली. मी सगळ्यांच्या देखत आबांपुढं गेलो आणि उजव्या हातानं पानं दिली. आबांनी पानं घेतली, पण हात सोडला नाही.

"पोट बरं हाय का आज?" त्यांनी विचारलं.

"बरं हाय," मी म्हणालो.