वाळूवर पडलेली तिसरी

“बाई गेल्या गो,” आई फोनवर एवढंच म्हणाली. मी कणकवलीला, कॉलेजच्या व्हरांड्यात होते. पंधराच दिवसांपूर्वी माझ्या बालवाडीच्या सुलभाबाईंना गावी, देवबागला भेटले होते. “कॉलेज कसा चालू आसा?” त्यांनी विचारलं. “बरा आसा,” मी म्हणाले. खरं तर मी प्राणिशास्त्रात नापास झाले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरीही बोलले नव्हते. आता बाईंना खरं सांगायचं राहूनच गेलं...

बालवाडीत त्या आम्हाला ‘प्राणी कसे शिकतात’ हे चित्रांतून शिकवत नसत. रापणीचं मोठं जाळं ओढून झालं की किनाऱ्यावर नेऊन बसवत. एकदा एक कोवळा कावळा तिसरी, म्हणजे खायचा बंद शिंपला, चोचीत धरून पुन्हा पुन्हा वर उडत होता आणि मऊ वाळूवर टाकत होता. ती फुटतच नव्हती.

“ढ आसा तो!” बाबू ओरडला.

“तू पयल्या दिवशी चड्डी उलटी घालून इल्लंस, तेव्हा तुका कोणी ढ म्हटल्यान?” बाई म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी धावत जाऊन ती तिसरी दगडाने फोडली आणि कावळ्यापुढे टाकली. वाटलं, शाबासकी मिळेल. “तूच फोडलंस,” बाई हळहळल्या, “आता तो काय शिकतलो?”

मग आम्ही रोज त्याला बघायला जाऊ लागलो. चौथ्या दिवशी त्याच्या चोचीतली तिसरी जांभ्या दगडाच्या पायरीवर पडून फुटली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई मात्र विचारात पडल्या. “शिकलो, की चुकान पडली? माका म्हायत नाय. उद्या परत बघूया.” मोठं माणूस असं म्हणू शकतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा वाळूवरच टाकली, त्याच्या पुढच्या दिवशी पायरीवर... नक्की काय ते मला अजून सांगता येत नाही.

गेल्या रविवारी आईबरोबर बालवाडीत गेले. आई तिथे मदतनीस आहे. एका भिंतीवर बाई मुलांचे अंदाज खडूने लिहून ठेवत, चुकीचे ठरलेलेही पुसत नसत. ‘मांजर होडीचा आवाज ओळखतं.’ ‘कुत्रा आईकडून पोहायला शिकतो.’ सगळ्यांत खाली बाईंचाच प्रश्न होता: ‘घारीचं पिल्लू पकडलेला मासा मधेच का सोडतं?’ त्यापुढे काही नव्हतं. मी खडू घेतला आणि त्याखाली एक ओळ लिहिली.

आईला नीट वाचता येत नाही. “काय लिवलंस गो?”

“प्राणिशास्त्रात नापास झालंय. परत परीक्षा देतलंय.”

आईने हातातला झाडू खाली ठेवला. 

“मगे पुसू नको ता,” ती म्हणाली. “पेपर कधी आसा?”