चार वाजताच्या अक्का

पाण्यात उतरण्याआधी अक्का पाण्याची परवानगी घेत. काठाशी उकिडवं बसायचं, ओंजळभर पाणी डोक्यावर घालायचं, "येऊ का वं माय?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता धाडकन उडी! अंगात थोरल्या मुलाची हाफपँट, वर नवऱ्याचा एसटीतला खाकी शर्ट, अंबाडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. पहिल्या दिवशी मी तोंडावर हात ठेवून हसले. पण बाई हात मारायला लागली आणि माझं हसू तिथंच थांबलं. पन्नाशी उलटलेली, पण कसली पोहायची हो! विचारलं तर म्हणायच्या, "तापीमाय शिकनू. म्हैसनं शेपूट धरीसन." तापी आणि म्हशी यांच्या गोष्टी मी त्यांच्या तोंडून इतक्या ऐकल्या होत्या की मलाच त्या म्हशी ओळखीच्या वाटायच्या.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जळगावात आमच्या घराजवळ एक तरणतलाव होता. कोणाचा ते सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. दुपारी चार ते पाच हा बायकांचा तास. धाकटीच्या बाळंतपणानंतर माझी कंबर अशी काही धरली होती, की लेकराला उचलायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, पोहा. सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या अक्का बरोबर असतील तरच जा. अक्कांनी मला पोटाखाली हात धरून तरंगायला शिकवलं, आणि महिन्याभरात मी पोरीला कडेवर घेऊन गच्चीत फिरायला लागले. मला तर स्वर्ग सापडला होता.

पण चार वाजले तरी पुरुषमंडळी पाण्याबाहेर निघतील तर शपथ! त्यांचे म्होरके प्रल्हादशेठ. केळीचे व्यापारी, शिवाय तलावाच्या कमिटीवर. पोट वर करून मधोमध तरंगत पडायचे. शिट्टी वाजवून रखवालदाराचे गाल दुखायचे, यांचं आपलं "हो रे, पाचच मिनिटं!" तोवर साडेचार व्हायचे. आम्ही बाकावर, मे महिन्याच्या उन्हात, घाम पुसत बसलेल्या. कंटाळून एकेक बाई यायची बंद झाली. आणि वर कहर म्हणजे एके दिवशी फळ्यावर लिहिलेलं दिसलं: महिलांचा प्रतिसाद नसल्यामुळे पुढील महिन्यापासून महिलांचा तास बंद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तास बंद म्हणजे पुन्हा ती कंबर, पुन्हा ते विव्हळणं. "अक्का, चला, कमिटीकडे तक्रार करू!"

"कमिटी तं पानीमा पडेल शे," अक्का शेठच्या तरंगत्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या. मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं. भाजीवाल्यापासून एसटीतल्या धक्काबुक्कीपर्यंत सगळीकडे त्या ते वापरायच्या. "भांडीसन मानूस हटत नही. नातं लावं का बरोबर हटस."

दुसऱ्या दिवशी त्या कपडे न बदलता, लुगड्यातच, काठावर पाय पाण्यात सोडून बसल्या. आम्ही मागे उभ्या.

"भाऊ, तुमची सासरवाडी कोणती?" एकदम शहरी, गोड मराठी.

शेठ तरंगता तरंगताच म्हणाले, "पाचोऱ्याजवळ. पिंपळखेडं."

"काय सांगतस!" अक्का किंचाळल्याच. "पिंपळखेडं तं मन्हं माहेर शे!" त्यांनी झटकन डोक्यावर पदर ओढला आणि आम्हा सगळ्यांकडे वळल्या. "ऐका वं बठ्ठ्या! हाऊ तं आमना गावना जवाई शे!"

आमच्याकडे सासरवाडीच्या गावची वडीलधारी बाई म्हणजे सासूच. शेठचं वर आलेलं पोट क्षणात गायब झालं. गळ्यापर्यंत पाण्यात उभे, चेहरा पडलेला. सासूसमोर नुसत्या चड्डीवर बाहेर निघणार कसे? आणि आत तरी किती वेळ राहणार?

अक्कांनीच सोडवलं. "पाठ करा वं बठ्ठ्या! जवाईबापू लाजी राह्यनात."

आम्ही सगळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो, हसू दाबून दाबून पोट दुखायला लागलं. मागे पाण्याचा खळबळाट झाला. वळून बघतो तर तलाव रिकामा.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी शेठना चारचौघांत कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात टॉवेल दिला. "जवाईना मान शे. रोज चारले आंग पुसाले कामे येई." त्यानंतर चारच्या ठोक्याला शेठच ओरडायचे, "निघा रे, सासूबाई आल्या!" फळ्यावरची सूचना त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली. बायका परत आल्या. मी दोन्ही लेकींना त्याच तलावात शिकवलं.

पुढं अक्का धुळ्याला मुलाकडे राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिथंच वारल्या. उत्तरकार्याला मी गेले. पाहुणे रांगेनं त्यांच्या मुलाला टॉवेल-टोपी देत होते. त्या रांगेत प्रल्हादशेठ! केस पांढरे, पोट उतरलेलं.

"आपण?" मुलानं विचारलं.

"मी जावई. अक्कांच्या माहेरगावचा. पिंपळखेड्याचा."

मुलगा गोंधळला. "पण आईचं माहेर तर शिरपूरकडचं, तापीकाठचं."

मी थक्क झाले. तापी! अहो, पाचोऱ्याकडे कुठली आलीय तापी? रोज त्या म्हशी ऐकत होते आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही. मी शेठना मांडवाच्या कडेला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी कळलं. बायको म्हणाली, आमच्या गावात अशी कोणी लेक नाही."

"मग?"

"मग काय? भांडायलाच निघालो होतो दुसऱ्या दिवशी. तर त्यांनी कुंकू लावलं. मला सख्ख्या सासूनं कधी एवढ्या प्रेमानं टोपी घातली नव्हती, ताई. म्हटलं, राहू दे. जावई तर जावई."

एवढं बोलून तो भलाथोरला माणूस भर मांडवात रडायला लागला. मी अक्कांनी शिकवलं होतं तेच केलं. हळूच त्यांच्याकडे पाठ केली.