कललेल्या ओट्यावरचं फज

गवंडीकाम करून माणसाच्या हाताला घट्टे पडतात. ओळंबाकाकांच्या डोळ्यांनाही पडले होते. कुणाच्या घरी गेले, की चहा यायच्या आत त्यांची नजर कोपऱ्यातून वर चढे, छतापाशी जरा रेंगाळे आणि सुस्कारा टाकून खाली येई. मग कुणी विचारो न विचारो, ते हळहळून सांगत, "ही भिंत थोडी बाहेर गेलीय हो." खात्री पटवायला खिशात ओळंबा असेच: दोरीला लोंबणारं पितळी वजन, भिंत सरळ की वाकडी हे तोंडावर सांगणारं. त्यावरूनच त्यांना ते नाव पडलं. एकदा तापाने फणफणलेले असताना डॉक्टरांनी आ करायला सांगितलं, तर काकांनी आ केला आणि तशाच अवस्थेत बोटाने दवाखान्याची चौकट दाखवली.

एरवी माणूस स्वप्नाळू. बांबूंच्या परांचीवर बसून विटेवर वीट चढवताना त्यांना ते घर पुरं झालेलं दिसे. खिडक्यांना पडदे लागलेले, आत कुणीतरी गुणगुणतंय, कुठल्या तरी खोलीत एक पोर हट्टाने रडतंय. तोवर पाटीतला माल सुकून जाई आणि खालून मुकादम काकांच्या सगळ्या पूर्वजांची आठवण काढी. उतारवयात काम सुटलं. स्वप्नं राहिली, आणि दुर्दैवाने ओळंबाही राहिला.

त्या ओळंब्यानेच घात केला. लेकीने आणि जावयाने लहानसं घर घेतलं. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला, नाजूक बोटांचा, हळू बोलणारा माणूस. बैठकीतली एक अर्धी भिंत त्याने सुट्टीच्या दिवशी राबून, बोटं सोलवटून स्वतः बांधली होती. सासऱ्यांना दाखवायची म्हणून. घर बघायला चार माणसं जमली. काकांनी भिंतीवरून मायेने हात फिरवला, जावयाचा चेहरा उजळला, आणि काकांनी खिशात हात घातला. वजन हललं, डुललं, थांबलं. "बोटभर झुकलीय," काका म्हणाले, "पण पहिल्या प्रयत्नाच्या मानाने बरी आहे." हे आपण कौतुकच केलं होतं, असं ते पुढे बायकोला शपथेवर सांगत. लेक पुढे आली. तिने दोरी नीट गुंडाळली, ओळंबा बाबांच्या खिशात परत ठेवला आणि दाराशी जाऊन त्यांच्या चपला अगदी सरळ रेषेत लावून ठेवल्या.

त्यानंतरचे दोन नाताळ तिच्याविना गेले. फोन येत, पण आईला. त्यात बाबांची चौकशी असे. लोक हवापाण्याची करतात तशी.

यंदा मात्र ती येते म्हणाली, नवऱ्यासह. बाकी काही नको, फक्त ते मसाल्याचं चॉकलेट फज असेल ना, एवढंच तिने विचारलं. दर नाताळला आई करायची ते. आईने हो म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. पंधरवड्यापूर्वी न्हाणीत घसरून ते मोडलं होतं आणि प्लास्टरात गेलं होतं.

म्हणजे फज करणं काकांच्या गळ्यात आलं. काकूंचं म्हणणं, याच्याइतकी सोपी वडी जगात नाही. ज्याला ढवळता येतं त्याला जमतं. काका म्हणाले, ढवळण्यात तर हयात गेली. "ते सिमेंट होतं," काकू म्हणाल्या. "कुणी खाल्लं नाही म्हणून निभावलं." शिवाय त्यांनी अट घातली, की भिंत हा शब्द लेक असेपर्यंत या घरात उच्चारायचा नाही. ओळंबा त्यांनी काढून घेतला आणि चांगल्या हाताने तांदळाच्या डब्यात खोल पुरला.

काका घाबरले होते. या खेपेला लेक उठून गेली तर पुन्हा येणार नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. चार दिवस ते आरशासमोर "माझं चुकलं" म्हणायचा सराव करत होते, पण प्रत्येक वेळी आरसा किंचित तिरका टांगलाय असं दिसे आणि वाक्य अर्ध्यावर राही.

नाताळच्या सकाळी त्यांनी स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं. ओट्याच्या डाव्या टोकाला, बरण्यांमागे, पुठ्ठ्याची एक तेलकट घडी सापडली. बायकांना काय काय जपून ठेवायची हौस, असं पुटपुटत त्यांनी ती केरात टाकली. मग कामाला लागले. काकू स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. जाड बुडाच्या पातेल्यात आटवलेल्या गोड दुधाचा डबा उपडा केला, त्यात लोणी, काळ्या चॉकलेटचे तुकडे आणि मीठ नखाएवढं. आच मंद. मग दालचिनीची पूड, सुंठ, दोन लवंगा कुटून, आणि तिखटाची एक चिमूट, कुणाला ओळखू येणार नाही पण घशाला कळेल अशी. शेवटी जायफळ किसायचं, तर ते हातातून निसटलं, ओट्यावरून घरंगळत डावीकडे गेलं आणि खाली पडलं. काकांनी ते गुडघ्यांवर बसून शोधलं आणि त्याच्या गोल असण्याबद्दल त्याला दोन शब्द सुनावले.

मग ढवळणं. चॉकलेट वितळलं, दुधाला काळसर लकेर आली, लकेरीचं वळण झालं, वळणाचं भोवर्‍यासारखं काहीतरी होऊन सगळं एकजीव झालं. इतका तुकतुकीत माल काकांनी जन्मात कालवला नव्हता. दालचिनीचा वास खिडकीच्या धुरकट काचेपर्यंत गेला आणि तिथेच बसून राहिला. बाहेर थंडीचं पांढुरकं ऊन होतं. काका ढवळत राहिले आणि हळूहळू परांचीवर जाऊन बसले. समोर एक गाव होतं, पूर्ण फजचं. तपकिरी गुळगुळीत भिंती, दालचिनीचे कठडे, आणि एकही भिंत वाकडी नाही. पण गावात माणूस नव्हतं. काका प्रत्येक दारात डोकावून लेकीला हाका मारत होते, आणि प्रत्येक दाराशी त्यांच्याच चपला सरळ रेषेत लावलेल्या होत्या.

"अहो, आटलंय का बघा," काकू म्हणाल्या.

काकांनी दचकून आटलंय म्हणून टाकलं आणि मिश्रण जरा सैल असतानाच पातेलं उतरवलं. कागद घातलेल्या ट्रेमध्ये फज ओतलं आणि धुऊन ठेवलेली नवी थापी काढली. पृष्ठभाग असा घोटला, की काकूंना त्यात आपली नथणी दिसली. सवयीने त्यांनी पाण्याचा तांब्याही उचलला होता. सिमेंटच्या नव्या कोब्याला पाणी मारायचं असतं, नाही तर तडे जातात. काकूंनी प्लास्टरचा हात आडवा घातला. मग काका शेजारच्या खुर्चीत राखणीला बसले आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली.

जाग आली तेव्हा फज निजलं होतं, पण कुशीवर. एका बाजूला दोन बोटं जाड, दुसरीकडे जेमतेम पापडाएवढं. काकांनी ट्रे सगळीकडून पाहिला. मग हत्यारांच्या पिशवीतून पाणसळ काढली, ती पोटात बुडबुडा असलेली पट्टी, आणि ट्रेशेजारी ओट्यावर ठेवली. बुडबुडा मध्ये थांबलाच नाही. तो निवांत उजवीकडे गेला आणि टोकाला जाऊन बसला. ओटा डावीकडे उतरत होता. तो ओटा काकांनी स्वतः बांधला होता.

त्यांनी पाणसळ उलटी करून पाहिली. पुसून पाहिली. बुडबुड्याचं मत बदललं नाही.

"पुठ्ठा कुठे गेला?" काकूंनी विचारलं, आणि मग सगळं बाहेर आलं. ती घडी काकू दर वेळी ट्रेच्या डाव्या टोकाखाली सरकवत. कालवण डावीकडे सांडू नये म्हणून पातेली काठोकाठ भरत नसत. इतकी वर्षं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही ओटा फोडला असता." काकूंनी चांगल्या हाताने ओट्याची कड चाचपली. "तुम्ही याचा वरचा थर घालत होतात, आठवतंय? तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला मुलगी झाली म्हणून. तुम्ही थापी टाकून तसेच धावलात, चिखलाच्या हातांनी. दुसऱ्या दिवशी आलात तोवर ओटा सुकला होता. मला तो आवडतो तसाच."

काका खुर्चीत बसले. त्यांना ती थापी दिसली, ओल्या कोब्यावर टाकलेली, आणि धावणारा एक तरुण, ज्याने आयुष्यात त्या एकाच दिवशी काही मोजलं नव्हतं. बाहेरचं ऊन कधी कललं ते त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी लेक-जावई आले. जावई दाराशी जरा अवघडून उभा राहिला, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत. काका पुढे झाले. त्यांनी त्याला दंडाला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं आणि हातात पाणसळ दिली. काकूंनी डोळे मिटले. लेकीचा चेहरा ताठ झाला.

"ठेवा ओट्यावर," काका म्हणाले. "आणि काय दिसतं ते सांगा. मोठ्याने. मी तुमच्याबाबतीत चारचौघांत सांगितलं होतं."

जावयाने पट्टी ठेवली, चष्मा सावरला, बुडबुड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ट्रेकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे.

"ओटा सुरेख आहे, बाबा," तो म्हणाला.

काकांना आरशासमोर घोटलेलं वाक्य आता बोलायचं होतं. ते निघालं, पण पुरतं नाही. "माझं," एवढंच आलं. त्यांनी सुरी घेतली आणि जाड बाजूची एक भली मोठी वडी कापून जावयाच्या हातावर ठेवली. वरून आणखी जायफळ किसून द्यावं म्हणून त्यांनी ते उचललं. ते सकाळसारखंच निसटलं आणि डावीकडे घरंगळत निघालं.

लेक ओट्याच्या डाव्या टोकाशी उभी होती, आईच्या प्लास्टरवर कुणी काय लिहिलंय ते वाचत. तिने तिकडे पाहिलंही नाही. हात तेवढा पुढे आला, कडेवरून सुटणारं जायफळ तळव्यात झेललं आणि बाबांपुढे धरलं.

"बाबा," ती म्हणाली, "पातळ बाजू मला. मला तीच आवडते, तिखट लवकर लागतं." मग जायफळ त्यांच्या मुठीत नीट बसवत, "आणि उद्या घरी या. भिंतीवर फोटो लावायचेत, सरळ कोण लावणार?"

काकांनी मान हलवली. ओळंबा तांदळातच राहू दे, असं ते बायकोला म्हणाले. फोटो नजरेच्या अंदाजाने लावता येतात.